काचेवरची सही

१

शनिवार पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, खांबेट्यांच्या हॉलमध्ये पूर्वी जिथं शोकेस होतं तिथं आता समुद्र आहे. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद. निवृत्त झाल्यावर माणसं टेकडीवर फिरायला जातात, हास्यक्लबात जातात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होऊन लोकांचा जीव खातात. गोपाळकृष्ण खांबेट्यांनी हे तिसरं वर्षभर करून पाहिलं. शेवटी लोकांनीच हात जोडले, तेव्हा त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. "मुठेला पाणी नाही आणि आमच्याकडे समुद्र," सुनीतीबाई आल्यागेल्याला सांगायच्या. "त्याचं मीठसुद्धा वेगळं. आमटीला चालत नाही."

टाकीत क्लाउनफिशची एक जोडी होती, पण माशांत खांबेट्यांना काडीचा रस नव्हता. मासे ओळखायला काय अक्कल लागते? दुकानदार नाव सांगूनच देतो. त्यांचा जीव होता दगडांत. धायरीच्या ज्या ऋषीकडून ते सगळं आणायचे, तो त्याला लाइव्ह रॉक म्हणायचा. पोवळ्याचा जुना सांगाडा, पण त्याच्या भोकाभोकांत कोणी ना कोणी राहत असतं. दगड घरी आला की ही मंडळी त्याच्याबरोबर न विचारता येतात, महिना दोन महिने दम धरतात आणि मग एकेक जण डोकं बाहेर काढतो.

आता, ज्या माणसानं एकोणचाळीस वर्षं बँकेत काढली आणि त्यातली सव्वीस फक्त लोकांच्या सह्या तपासण्यात, त्याच्या घरात कोणी न सांगता शिरलेलं त्याला कसं चालेल? खांबेट्यांनी वही घातली. वर लिहिलं, 'आगंतुकांची नोंदवही'. खाली दोन रकाने: 'ओळख पटली' आणि 'ओळख पटली नाही'. रोज सकाळी चहा झाला की भिंग घेऊन टाकीच्या उजव्या अंगाला स्टुलावर बसायचं, वही काचेला टेकवायची, लिहायचं आणि प्रत्येक नोंदीखाली सही ठोकायची. केसाळ किडा, हात लावला तर बोटात कुसं जातात: ओळख पटली, सही. पाच सुतळ्या एकत्र बांधल्यासारखा दिसणारा तारामासा: ओळख पटली, सही. ऐप्टेशिया, फुलासारखं दिसणारं तपकिरी खूळ, एक उपटलं तर चार उगवतात. ते पाहून सुनीतीबाईंनी थोरल्या नणंदेचं नाव घेतलं होतं.

अशा तेवीस नोंदी झाल्या. चोविसावी मात्र अडली होती. ऑगस्टमध्ये आणलेल्या मोठ्या दगडाच्या पोटाशी सुपारीएवढं भोक होतं आणि त्याला आतून झाकण होतं. फिकट, मांसल, वर बारीक गोलगोल रेघा. खांबेटे बघत असले की ते बंद असायचं, आणि ते सदा बघतच असायचे. 'झाकण. आत कोण, माहीत नाही,' एवढंच त्यांनी लिहिलं आणि 'पटली नाही'च्या रकान्यात आयुष्यात पहिल्यांदा सही केली. तोंडात कडू गोळी विरघळावी तसं त्यांना दिवसभर होत राहिलं.

२

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. आपण अजून जिवंत आहोत हे बँकेत जाऊन सांगायचं. अठरा तारखेला खांबेटे इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या जुन्या शाखेत गेले. त्यांच्या जुन्या खुर्चीत आता पूर्णिमा बसायची. तिला सह्या बघायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि मुलगी हुशार निघाली याचं श्रेय ते स्वतःकडेच घ्यायचे.

"सर, हल्ली फॉर्म वगैरे काही नाही. अंगठा ठेवा, झालं."

त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राचा दिवा लाल झाला. पुसून ठेवला, लाल. डावा ठेवला, लाल.

"सर, तुमच्या रेघाच येत नाहीयेत."

"येतील कशा? वर्षभर हात खाऱ्या पाण्यात असतो." त्यांनी अंगठा चष्म्यासमोर धरला. लहानपणी विळीवर कापल्याची तिरकी खूण होती, तिच्या आजूबाजूला सगळं पुसट. "काही हरकत नाही. सही काढ. सही कुठं जात नाही."

पूर्णिमानं फॉर्म दिला. त्यांनी पेन उचललं आणि गणपतीपासून जे ते बायकोपासून लपवत आले होते ते भर बँकेत झालं. हात थरथरला. 'गो. वा. खांबेटे' ही सही म्हणजे एका दमाचं काम. शेवटच्या 'टे'ची मात्रा मागं वळून सबंध नावावरची शिरोरेघ व्हायची, आणि 'खां'वरचा अनुस्वार टिंब नसायचा, उजवीकडे कललेला स्वल्पविराम असायचा. नकला करणारे नेमके तिथं मार खायचे. आज ती रेघ बोळातल्या विजेच्या तारेसारखी लोंबली. दुसरा फॉर्म घेतला, त्यावर आणखी वाईट.

पूर्णिमानं नमुना सहीचं जुनं कार्ड काढलं, फॉर्मशेजारी ठेवलं आणि दोन्ही त्यांच्याकडे फिरवून दिलं. असं फिरवून द्यायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. माणसाला तोंडावर खोटं म्हणू नये, त्याला दाखवावं.

"नवीन नमुना कार्ड भरू या का, सर? दोन मिनिटांचं काम आहे."

"म्हणजे आजपर्यंतचा मी रद्द?"

"तसं नाही हो सर. बरं, हा फॉर्म घरी न्या. निवांत सही करून तीस तारखेपर्यंत आणून द्या. तुमच्यावर कसला अविश्वास?"

"मी असतो तर घरून केलेली सही घेतली नसती."

"म्हणून बरंय मी आहे," पूर्णिमा म्हणाली.

खाली येऊन खांबेटे स्कूटरवर बसले आणि दहा मिनिटं किल्ली फिरवायची विसरून गेले. त्यांना एक गृहस्थ आठवत होते, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे. हात प्लास्टरमध्ये, सही वाकडी. "अहो, मीच आहे हो हा!" असं काकुळतीनं म्हणत होते. खांबेट्यांनी त्यांना सांगितलं होतं, "असाल. पण हात बरा झाल्यावर असा." सबंध शाखा हसली होती. आता त्यांना भीती वाटत होती, अगदी शाळेच्या पहिल्या दिवशी वाटते तशी. पेन्शन एखादा महिना इकडेतिकडे झाली तर चाललं असतं. पण सही गेली तर आपण आहोत कोण, हे दाखवायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

३

दुपारी एक ते चार सुनीतीबाई आतल्या खोलीत झोपायच्या. त्या वेळात फोन, बेल, भूकंप यांपैकी काहीही चालत नसे. त्या तीन तासांत खांबेटे हॉलचे पडदे ओढून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सह्या गिरवू लागले. टाकीचा निळसर दिवा, पंपाची गुरगुर आणि लोंबत्या सह्यांची चळत. तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरा आवाज ऐकू आला. खर्र. थांबून पुन्हा खर्र. ओलं खोबरं कोणीतरी फार सावकाश खवतंय, असा.

पुढची काच ते रोज चुंबकानं पुसायचे. चुंबकाचे दोन तुकडे असतात, एक पाण्यात आणि एक बाहेर. बाहेरचा हलवला की आतला मुकाट्यानं मागं येतो. उजवीकडची काच मात्र गोगलगाईंच्या खाण्यासाठी शेवाळासकट सोडलेली. गोगलगाय शेवाळ खात गेली की नागमोडी दातरे उमटतात, ते खांबेट्यांना तोंडपाठ होते. त्यांनी वाकून पाहिलं. हिरव्या थरात एक चकचकीत रेघ होती, आणि ती नागमोडी नव्हती. जोरात सुरू झालेली, वर उडी मारून खाली आलेली, शेवटी झटका दिलेली रेघ. तिच्याखाली आडवा फराटा आणि दोन टिंबं.

सव्वीस वर्षांची सवय. डोकं काही म्हणायच्या आत डोळ्यांनी निकाल दिला: ही सही आहे. इंग्रजी आहे, माणूस घाईतला आहे, चाळिशीच्या आतला आहे.

मग डोकं आलं. म्हणालं, खांबेटे, पाणी प्या. गोगलगाय चालली, दिवा पडला, दुपारची वेळ आहे, तुमचं मन सह्यांनी भरलंय. भिंतीवरच्या ओलीत लोकांना देव दिसतात. हे त्यांना पटलं. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. रेघ काचेच्या आतून होती आणि बाहेरून सुलट दिसत होती. म्हणजे जो कोणी आहे तो आपल्या बाजूनं उलटं लिहीत होता, आणि ते वाचणारा बाहेर बसलाय हे त्याला ठाऊक होतं.

त्यांनी दगडाकडे पाहिलं. झाकण बंद होतं.

"काय शोधताय?" चारच्या ठोक्याला उठलेल्या सुनीतीबाईंनी विचारलं.

"आगंतुक."

"मी चाळीस वर्षांपूर्वी आले. नोंद करून घ्या आणि चहा टाका."

४

दुसऱ्या दिवशी खांबेटे धायरीला गेले. ऋषीचं दुकान म्हणजे पूर्वीचा गोठा. जमीन बिल्डरला गेली, गोठ्याला काच लागली आणि गाईंच्या जागी मासे आले. ऋषी गिऱ्हाइकाकडे टाकी लावायला गेला होता. गल्ल्यावर त्याचे वडील गेनबा बसले होते. डोक्याला मुंडासं आणि पाठीमागं निळ्या दिव्यात तरंगणारे मासे.

"ऑगस्टमध्ये मी एक मोठा दगड नेला होता," खांबेटे म्हणाले. "तो आला कुठून?"

"त्यो व्हय? त्यो अभय सायबांचा. बावधनला ऱ्हात्यात. लई मोटं इंजिनेर. टाकी मोडली त्येंनी, समदा माल परत घातला आमाला." गेनबांनी डिलिव्हरीची वही पुढं ओढली. "ह्ये बगा की. समद्यांच्या सह्या हायेत."

खांबेट्यांनी पानं उलटली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मोठा इंग्रजी 'ए' वर उडी मारून खाली आलेला, शेवटी झटका, खाली फराटा, दोन टिंबं. भिंगाची गरज नव्हती. दोन टिंबांमधलं अंतरसुद्धा तेच. त्यांनी वहीवरचा हात चटकन मागं घेतला, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी आपण अजून ओळखू शकतो याचा आनंदही झाला.

"जूनपासून सही नाहीये," ते म्हणाले.

"तीच तर मज्जा!" गेनबा खुलले. "म्हनलं, सायेब, सही करा. तर म्हनले, येत न्हाई. आंगठा घ्या! येवढा शिकल्याला मानूस, आन् माज्यासारखाच आंगठा. मला तर लई बरं वाटलं बगा. चहा पाजला त्येंला." मग ते गंभीर झाले. आंगठा हा त्यांचा विषय होता. "पर आंगठा काय बराबर न्हाई त्येंचा. ह्यो माजा बगा, रेघ न् रेघ दिसती. आन् ह्यो त्येंचा. नुसता टिक्का."

जूनच्या पानावर निळी लंबगोल खूण होती. आत काही नाही. गुळगुळीत.

"शाई जास्त लागली असेल," खांबेटे म्हणाले.

"तीनदा घेतला," गेनबा म्हणाले.

खांबेट्यांनी अभयरावांचा नंबर घेतला. फोन लागला. पलीकडचा माणूस सभ्य होता. दगडाचं नाव काढलं तेव्हा त्यानं एकच गोष्ट विचारली. "तुम्ही त्याच्यासमोर काही लिहिता का?"

"नोंदवही लिहितो. का हो?"

फोन ठेवला गेला होता.

५

शहाण्या माणसानं त्या दिवशीच दगड बादलीत घालून धायरीला पोचवला असता. खांबेटेही तेवढे शहाणे होते. बादली आणली होती, रबरी हातमोजा चढवला होता. पण उजव्या काचेवर, इंग्रजी सहीच्या खाली, नवीन ओळ आली होती. 'गो. वा. खांबेटे.'

ती इतकी वाईट होती की त्यांना आधी राग आला.

'ग'चा काना सुटा. 'वा' आणि 'खां' एकमेकांच्या अंगावर. आणि अनुस्वार, काय सांगावं, चक्क टिंब! अशा सह्या त्यांनी आयुष्यभर चिमटीत धरून परत पाठवल्या होत्या. हातमोजा काढून त्यांनी काचेवर खुणा करायचं लाल पेन घेतलं आणि बाहेरून टिंबाभोवती गोल केला. शेजारी फुली मारली. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं. एवढं हसल्यावर थोडीशी लाज वाटली, आणि बादली त्यांनी मोरीत ठेवून दिली. उद्या बघू.

उद्या अनुस्वार स्वल्पविराम झाला होता. पण डावीकडे कललेला.

"उजवीकडे," खांबेटे म्हणाले. मोठ्यानं.

मग रोजचंच झालं. दुपारी एकला आतल्या खोलीचं दार लागलं की इकडे खर्र सुरू व्हायचं. खांबेटे स्टुलावर बसून नोंदवहीतली चांगली, जुनी, वर्षापूर्वीची सही उघडून काचेसमोर धरायचे. नमुना समोर असल्याशिवाय तपासणी करायची नाही, हा त्यांचाच नियम. लिहिणारा कधी दिसला नाही. ते बघत तेव्हा आवाज बंद व्हायचा आणि झाकण लागलेलं असायचं. पेनाचं टोपण शोधायला मान वळवली की तेवढ्यात एक मात्रा पुरी झालेली. बाटलीचा सापळा लावून आत कोळंबीचा तुकडा ठेवला, तर सकाळी तारामासा आत जेवत बसला होता. त्याची ओळख आधीच पटली होती.

एका ओळीखाली दुसरी, कित्त्यासारख्या सह्या उतरत चालल्या. चौथ्या दिवशी 'ग' सुधारला. सहाव्या दिवशी मात्रा मागं वळली. खांबेट्यांनी पूर्णिमाला शिकवलं तेव्हाही त्यांना इतका उत्साह वाटला नव्हता. कॅलेंडरच्या पाठीवरच्या त्यांच्या स्वतःच्या सह्या मात्र रोज थोड्या बिघडत होत्या. पंचवीस तारखेला 'खां' करताना आधी काना की आधी गाठ, हे त्यांना क्षणभर आठवलं नाही. त्यांनी मान वर केली आणि काचेवरून उतरवून घेतलं.

६

एकोणतीस तारखेला काचेवरची सही बिनचूक होती.

खांबेट्यांनी भिंग लावलं, घरी जपून ठेवलेली नमुना कार्डाची झेरॉक्स लावली, पट्टीनं कोन मोजला. दोष नाही. अनुस्वार उजवीकडे, शिरोरेघ एका दमात. अशी सही त्यांनी स्वतः पन्नाशीत केली असेल. त्यांचे डोळे भरून आले. आनंदानं की कशानं, ते कळेना.

"आता काचेवर सह्या करायला लागलात?"

सुनीतीबाई मागं उभ्या होत्या. आज त्या अडीचलाच उठल्या होत्या, आणि हीच गोष्ट घाबरण्यासारखी होती.

"मी नाही केली."

"मग काय माशानं केली?" त्यांनी काचेवरची लाल फुल्यांची रांग पाहिली, कॅलेंडरचे कागद पाहिले आणि स्टुलाच्या बाजूला खाली बसल्या. "मला माहीत आहे हो. गणपतीत आरतीचं तबक धरताना दिसला मला तुमचा हात. तुम्ही सांगाल म्हणून गप्प बसले. तुम्ही कसले सांगताय!"

खांबेट्यांना फार मोकळं वाटलं आणि फार अपमानही वाटला.

"नवीन सही द्या की बँकेत. त्यात काय एवढं? लग्न झालं तेव्हा तुम्हीच म्हणालात, आता नवीन नावानं सही कर. मी शाळेच्या मस्टरवर केली की पंधरा मिनिटांत. कोणी रडलं नाही. तेवीस वर्षं जी सही माझी होती ती परत कधी केली नाही मी."

"तुझी गोष्ट वेगळी," खांबेटे म्हणाले.

सुनीतीबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "हो ना," त्या म्हणाल्या आणि उठून चहाला गेल्या. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत राहिला.

सांगायला हवं होतं, हे खांबेट्यांना कळलं होतं. उद्या जातो आणि नवीन कार्ड भरतो, असं म्हणायला तोंडही उघडलं होतं. पण समोर काचेवर ती सही चकाकत होती. एवढी सुंदर सही असताना दुसरी कशाला?

७

तीस तारीख. बँक चारपर्यंत. दुपारचा एक. आतलं दार लागलेलं, आणि त्यामागून सुनीतीबाई आज घोरत नव्हत्या.

सह्यांच्या धंद्यात सगळ्यात हलकी चोरी म्हणजे काचेवर कागद ठेवून उतरवणं. मागं दिवा, मध्ये खरी सही, वर कोरा कागद. शाळकरी पोरं प्रगतिपुस्तकावर बापाची सही करतात तसली. खांबेट्यांनी ही चोरी डोळे झाकून पकडली असती, कारण उतरवलेल्या रेघेत दम नसतो, हात अडखळत चालतो. हे सगळं स्वतःला सांगत त्यांनी फॉर्म उजव्या काचेवर ठेवला. टाकीचा दिवा मागं होताच. शेवाळातली सही कागदातून उजळून वर आली.

आपलीच तर आहे, ते मनाशी म्हणाले. आपलीच सही आपण उतरवली तर चोरी कसली?

पेन टेकवलं आणि थरथर थांबली.

एकदम थांबली. गणपतीनंतर पहिल्यांदा हात जड आणि शांत झाला. पेन आपण होऊन 'ग'च्या वळणावर गेलं. खांबेट्यांनी जोर लावला नव्हता. काच पुसायच्या चुंबकाचा बाहेरचा तुकडा त्यांनी हजारदा हलवला होता. आज त्यांना वाटलं की बाहेरचा तुकडा आपण आहोत.

खर्र, कागदाच्या पलीकडून आवाज आला. पेनाच्या टोकाच्या किंचित पुढं. 'वा'. 'खां'. स्वल्पविराम उजवीकडे. कागदात एक सावली होती, सुपारीएवढी, आणि ती पेनाच्या आधी चालत होती. मात्रा मागं वळली, शिरोरेघ झाली, सही संपली. अप्रतिम सही. रेघेत दम होता.

पेन उचललं तरी सावली हलली नाही. ती कागदामागं थांबली होती. वाट बघत असावी तशी.

खांबेट्यांनी कागद काढला. काढायला नको होता. काचेला आतून झाकण चिकटलेलं होतं, फिकट, दाबून सपाट झालेलं. बारीक रेघा गोलगोल फिरत मध्ये येत होत्या, स्वच्छ, एकही पुसट नाही. आणि त्या रेघांवरून एक तिरकी खूण गेली होती. विळीवर कापल्यासारखी.

त्याच्या मागं आणखी काहीतरी होतं, दगडापर्यंत गेलेलं. खांबेट्यांनी त्याकडे पाहिलं नाही. शर्ट बदलला, फॉर्म फायलीत घातला आणि जिना उतरताना पायऱ्या मोजल्या. त्या नेहमीइतक्याच होत्या.

८

"सर! काय सही आहे!" पूर्णिमानं कार्ड आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. तिला खरंच आनंद झाला होता. "हीच! एकदम हीच. मी म्हटलं नव्हतं, घरी निवांत होईल?" तिनं शिक्का मारला, संगणकावर बटण दाबलं. "झालं. तुम्ही हयात आहात."

खांबेटे हसले. खूप दिवसांनी छाती भरून श्वास घेतला. जाताना मंडईतून सुनीतीबाईंना आवडतो तो अंजिरांचा पुडा घ्यायचा आणि सगळं सांगून टाकायचं. तिच्या जुन्या सहीबद्दलही विचारायचं, कशी होती ती. चाळीस वर्षांत आपण एकदाही विचारलं नाही. दगड उद्याच्या उद्या धायरीला.

"फक्त पोच म्हणून इथं एक सही, सर. कशीही चालेल." पूर्णिमानं रजिस्टर फिरवून दिलं.

त्यांनी पेन घेतलं. हात अजिबात थरथरत नव्हता. टोक कागदावर टेकवलं आणि ते थांबले. पहिलं अक्षर कुठून सुरू करायचं? वरून की खालून? नाव माहीत होतं. नाव त्यांनी मनात तीनदा म्हटलं. हात स्थिर होता, तयार होता, आणि त्यात काही नव्हतं. मग तो चालू लागला. बारीक, सारखे, नागमोडी दातरे, एकाशेजारी एक, रकान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गोगलगाय शेवाळ खात जाते तसे.

पूर्णिमानं ते पाहिलं. मग, माणसाला तोंडावर काही बोलू नये हे शिकलेली ती मुलगी, तिनं ड्रॉवर उघडला आणि शाईचा पॅड हलकेच त्यांच्यापुढं सरकवला.

"राहू दे सर, दमला असाल. अंगठा चालेल."

खांबेट्यांनी अंगठा पॅडवर दाबला. खाली बघितलं नाही. रजिस्टरवर ठेवला, उचलला.

पूर्णिमानं पान जवळ ओढलं, चष्मा वर केला.

"नीट उमटला नाही, सर," ती म्हणाली. "नुसता टिक्का आलाय. परत एकदा घेऊ या."